पाणी कोणत्या भांड्यातलं

गेनूनाना कुणाच्याही घरचं पाणी पीत नसत. शिनोलीत रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. तिथं खिळ्याला त्यांची बाटली टांगलेली असायची आणि तिच्या झाकणाला काळा दोरा गुंडाळलेला असायचा. दोरा सुटलेला दिसला की ते सगळं पाणी ओतून द्यायचे आणि पुन्हा भरून आणायचे. "कुणी उघडली आसंल? आन कशाला उघडली आसंल?" असं पुटपुटायचे. कुणी उघडलेली नसायची. बहुतेक वेळा दोरा वाऱ्यानं सुटायचा.

यात सोवळं-ओवळं काही नव्हतं. सख्ख्या भावाच्या घरी लग्नाला गेले तरी बाटली काखेत असायची. भावजय एकदा चिडून म्हणाली, "भावजी, इख घालते का मी?" तर नाना म्हणाले, "तू न्हाई घालायचीस. पन तुझा हंडा कुणी घासला ते तुला तरी ठावं हाय का?"

नाना मिस्त्री होते. डिझेल गाड्यांचे सायलेन्सर आणि गाड्यांचे एसी ही दोनच कामं ते करत. शेडला बोर्ड नव्हता. शटरवर खडूनं लिहिलेलं होतं, 'हॉर्न वाजवू नका. आत माणूस आहे.' मला गाड्यांतलं फारसं कळत नाही. मी बी.एस्सी. केलं, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळं नानांच्या कामाबद्दल लिहिताना काही चुकत असेल तर ती चूक माझी समजावी. तशीही या गोष्टीत एक चूक माझीच आहे.

नानांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि आपल्यावरही कुणी ठेवू नये अशी त्यांची शिस्त होती. गाडी सोडून मालक चहाला निघाला की ते पाना खाली ठेवायचे. "बस हितंच. मी काय काढतो, काय घालतो, डोळ्यानं बघ." काढलेला जुना भाग ते वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि वर खडूनं मालकाचं नाव घालायचे. "घरी ने. उद्या म्हनशील, नाना, त्यो तर नवा व्हता." लोक ती पुडकी नेऊन गोठ्यात टाकायचे. तरी गावोगाव बोललं जायचंच, की गेन्या मिस्त्री चांगले भाग बदलून घेतो. एवढी काळजी घेतो म्हणजे नक्की काहीतरी असणार, असं लोकांचं गणित होतं.

एसीतल्या गॅसचा दाब बघायला बाकीच्यांकडे एक मीटर असतो. नानांकडे दोन होते. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, एकदा विचारलं, "दोन कशाला?"

"एक खोटं बोलला तर दुसरा सांगतो."

"आन दोन्ही एकच बोलले तर?"

"मंग तर लई सावध ऱ्हायचं. दोघं मिळालेत."

त्यांचा खरा मीटर म्हणजे नाक. त्यासाठी त्यांनी तंबाखू सोडली होती. अत्तर लावून आलेल्या माणसाला ते शेडच्या बाहेर उभं करायचे. टाकीचं झाकण उघडलं की आधी हुंगायचे आणि मग प्रश्न विचारायचे. आमच्याच गावचा, म्हणजे महाळुंगे पडवळचा, संपतभाऊ एकदा पिकअप घेऊन आला. गाडी चढाला बंद पडत होती.

"डिझेल कुठलं?" नानांनी विचारलं.

"पंपावरचं. पावती दावू?"

"पावती न्हाई पायजे. कशात आनलं?"

"क्यानमधी."

"क्यान कशाचा?"

संपतभाऊ वैतागला. "आता क्यानची जात इचारता का, नाना?"

नानांनी फिल्टर खोलला आणि बोटावर पिवळट, पातळ काहीतरी घेऊन त्याच्या नाकाशी धरलं. ते दूध होतं. डेअरीचा कॅन नीट धुतला नव्हता. "साय धरलीया तुझ्या फिल्टरात. गाडी बंद न्हाई पडली रं, चहा मागत व्हती." संपतभाऊनं ती गोष्ट स्वतःच सगळ्या गावाला सांगितली. नानांचं ब्रीद असं काही असेल, तर ते त्या दिवशी बोलले तेच. "वस्तू काय हाय ते समदे सांगत्यात. भांडं कोनतं ते कुनी सांगत न्हाई."

आमची गाडी त्यांच्याकडं गेली तेव्हा त्यांना ती अजिबात आवडली नव्हती.

आमचं घराणं मेंढरांचं. आजोबांच्या काळात घोड्यावर बिऱ्हाड घालून कोकणात उतरायचे. आप्पांनी मेंढरं विकून बागायत केली, पण पाय काही थांबले नाहीत. त्यांनी सतरा सीटची जुनी डिझेल गाडी घेतली. मंचरच्या एका सुतारानं सीटा काढून आत दोन पलंग, ओटा, मोरी, पाण्याची टाकी असं सगळं बसवलं. वर एसी. पुण्याची माणसं ती भाड्यानं घेऊन डिंभे धरणाच्या काठाला किंवा नाणेघाटाकडे जाऊन राहतील, असा विचार होता. आजी त्या गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "घोडंच हाय की. फकस्त चारा न्हाई लागत."

अडचण धुराची होती. एसी चालवायचा तर गाडी उभी असतानाही इंजिन चालू ठेवावं लागे, आणि धुराचं नळकांडं नेमकं डाव्या दाराखाली निघत होतं. कनात बांधून माणसं खुर्च्या टाकणार तीही तिथंच. आप्पांना ते ट्रॅक्टरसारखं उभं, छतावर न्यायचं होतं.

"वर एसी हाय," नाना म्हणाले. "भायेरची हवा घ्यायची झडप वरच हाय. वर धूर सोडला तर तीच पयली गिळंल. मंग आतली माणसं झोपंतनं उठायची न्हाईत."

"आवो, वाऱ्यानं जातो धूर."

"वाऱ्याची हमी तू देतो का?"

शेवटी पाईप खालून, उजव्या मागच्या कोपऱ्यातून बाहेर काढायचा ठरला. नानांनी सायलेन्सरला हात लावला नाही, पाईप बारीक केला नाही, टोक बॉडीच्या बाहेर चार बोटं ठेवलं. वायरी आणि पाण्याच्या नळ्यांसाठी सुतारानं गाडीच्या तळाला पाडलेली भोकं त्यांनी एकेक शोधून रबरानं बुजवली. मग इंजिन चालू करून त्यांनी उदबत्तीचा पुडा काढला. प्रत्येक जोडापाशी, प्रत्येक फटीपाशी उदबत्ती धरायची आणि तिचा धूर कुणीकडं वळतो ते बघायचं. गाडीखाली ते आडवे पडलेले आणि एका हातात उदबत्ती, असं बघून समोरच्या चहाच्या टपरीवरचा म्हातारा म्हणाला, "देव सापडला का, नाना?"

"तुझ्यासारखा नाय सापडला," नाना खालूनच म्हणाले.

एसीत गॅस भरला. दोन्ही मीटर एकच बोलले म्हणून अर्धा दिवस पुन्हा तपासला. रिठ्याचा फेस करून नळ्यांच्या जोडांना फासला आणि बुडबुडा येतो का ते भिंग घेऊन बघितलं. गाडी ताब्यात देताना त्यांनी आप्पांना दोनदा आणि आईला एकदा सगळं समजावलं. मग माझ्याकडे वळले. "तू कालेजात ना? कोनता इषय?"

"केमिस्ट्री."

"मंग हे तुझ्याकडं. दर गिऱ्हाइकाच्या आधी वरची जाळी काढायची आन आतली कॉइल धुवायची. कशानं धुशील?"

"पाण्यानं, नाना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, असं मला आता आठवतं. तेव्हा ते नुसते "बरं" म्हणाले.

पहिलं गिऱ्हाईक पुण्याचं होतं, नवरा-बायको आणि त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी. आदल्या दिवशी मी कॉइल, म्हणजे जिच्यावरून हवा गार होऊन आत येते ती, धुतली. तिच्या पात्या कागदासारख्या पातळ असतात, जोराच्या पाण्यानं मुडपतात. मी मोबाईलवर व्हिडिओ बघितला होता, त्यात कमी दाबाचा बारीक फवारा मारा म्हटलं होतं. मी फार मन लावून ते काम केलं. बोअरचं स्वच्छ पाणी घेतलं. प्रत्येक पातीत पाणी जाईल असं बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मंडळी डिंभ्याहून परत आली. एक दिवस आधीच. बाईच्या मांडीवर मुलगी होती, तिला दोनदा उलटी झाली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या दोघांचंही डोकं दुखत होतं. "तुमच्या गाडीत धूर येतोय," नवरा म्हणाला. "माणसं मारायची आहेत का?" आणि आपल्या गाडीत बसून ते दवाखान्यात निघून गेले.

आप्पा खाली बसले. मग एकदम उठून म्हणाले, "गेन्याचा जोड गळतोय."

मलाही तसंच वाटलं. मला वाटलं एवढंच नाही, मी बोलले. "इतका दुसऱ्यावर संशय घेणारा माणूस, स्वतःचंच काम कच्चं असणार," असं मी आईपुढं म्हणाले. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

आम्ही लगेच गाडी शिनोलीला नेली. आप्पा रस्त्यावरूनच ओरडले, "नाना, पोरगी मेली आसती! जोड गळतोय तुमचा!"

मला वाटलं नाना भांडतील. नाना म्हणाले, "गळत आसंल."

"म्हंजी?"

"माझ्या हातावर माझाबी इस्वास न्हाई. बघू."

टपरीवरची माणसं जवळ आली. शाळेची व्हॅन चालवणारा एक जण शेडमध्ये आपल्या गाडीच्या कामापाशी बसून होता, तोही येऊन उभा राहिला. नाना पुन्हा गाडीखाली गेले, पुन्हा उदबत्त्या. मग सगळ्यांना लांब केलं, दारं-खिडक्या लावल्या, इंजिन चालू ठेवून, एसी बंद ठेवून एकटे आत बसले. जवळजवळ तासभर. आम्ही काचेतून बघत होतो. ते मांडी घालून पलंगावर बसले होते आणि अधूनमधून दीर्घ श्वास घेत होते. बाहेर आले ते ठणठणीत.

मग एसी लावून बसले. दहा मिनिटांत खाली उतरले, डोळे लाल, नाक गळत होतं.

"बघा! मी काय सांगत व्हतो?" आप्पा म्हणाले.

नानांनी तोंडावर पाणी मारलं आणि ते वाऱ्याला बसले. मग उठून त्यांनी इंजिन बंद केलं. चावी आप्पांच्या हातात दिली. नुसता आतला पंखा बॅटरीवर चालू केला आणि दारातून डोकं आत घातलं. परत बाहेर काढलं.

"इंजिन बंद हाय ना?"

"हाय."

"मंग धूर कुठनं आला? वास तर तोच येतुया."

"आता एसीवर ढकलतोय," व्हॅनवाला मागून म्हणाला. "पन एसीबी त्यानंच भरला ना!" लोक हसले. व्हॅनवाल्यानं शेडमधून आपली गाडी काढली आणि काम अर्धं असतानाच घेऊन गेला. नानांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यांनी जाळी काढली, कॉइलजवळ नाक नेलं आणि झटकन मागं घेतलं. मग पुन्हा एकदा, सावकाश.

ते स्टुलावरून उतरले, साबणानं हात धुतले आणि सरळ माझ्याजवळ आले. आवाज एकदम बारीक.

"कॉइल तू धुतली?"

"हो."

"कशानं?"

"पाण्यानंच, नाना. शप्पथ. बोअरच्या."

"कशातनं?"

 आमच्याकडं बारीक फवारा मारणारी एकच वस्तू आहे. पाठीवरचा बॅटरीचा पंप. टोमॅटोवर औषध मारायचा. त्याच पंपानं आम्ही मोटारसायकल धुतो, आंब्याच्या रोपांना पाणी देतो, लग्नात मांडवाला गारवा करायला तोच पंप फिरवतो. मी तो दोनदा विसळून घेतला होता, हे खरं आहे. पण नानांनी विचारेपर्यंत मला पंप आठवलाच नव्हता. मला फक्त पाणी आठवत होतं.

"फवारणीच्या पंपातनं," मी म्हणाले.

नाना रागावले नाहीत. ते म्हणाले, "पयलं त्यांना फोन लाव. मारलेल्या औषधाचं नाव सांग, डाक्टरला पायजे आसतंय. बाकी समदं मंग."

आप्पांना औषधाचं नाव आठवेना, तेव्हा नानांनीच वासावरून दोन नावं सांगितली आणि घरी आईनं डबा बघून त्यातलं एक खरं असल्याचं कळवलं. मी फोन केला.  त्या मुलीच्या वडिलांनी नाव दोनदा विचारून लिहून घेतलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा एका ओळीचा निरोप आला, मुलगी बरी आहे. त्यापुढं काही नाही. ते बरोबरच होतं.

मी फोन ठेवला तेव्हा नाना बाटलीचा दोरा सोडत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या दिशी मी इचाराया पायजे व्हतं. भांडं कोनतं म्हनून. संपतला इचारलं, माझ्या भावजयीला इचारलं. तुला न्हाई इचारलं."

"का, नाना?"

"शिकलेली पोर हाय, म्हनलं."

एवढंच. मी तिथं रडले नाही, घरी येऊन रडले. सगळ्या आयुष्यात त्या माणसानं चौकशी न करता एकाच माणसाचा शब्द घेतला होता, तो माझा.

नानांनी दोन दिवस ती कॉइल कोमट पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली, उन्हात पंखा चालवून वाळवली, आतला औषध प्यालेला स्पंज फाडून काढला. लोकांनी विचारलं तर म्हणायचे, "कॉइल घान व्हती, काढली." कुणी केली घाण, हे ते बोलले नाहीत. आणि आप्पांनीही मला गप्प बसायला सांगितलं. "झालं ते झालं. गावात तुझं नाव हाय. कशाला सांगत बसायचं?" इकडं गावात पक्कं झालं की गेन्या मिस्त्रीच्या पाईपानं पुण्याची पोरगी मरता मरता वाचली. व्हॅनवाल्यामागोमाग आणखी दोन गाड्या शेडमधून गेल्या. आठवडाभर मी कॉलेजला जाता-येता बघायची. शेडमध्ये नाना एकटेच बसलेले, समोर आमच्याशिवाय दुसरी गाडी नाही. मी मान खाली घालून पुढं जायची.

गाडी आणायला गेलो तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे पुडकं दिलं. आप्पांनी हात पुढं केला, पण नानांनी ते माझ्या हातात ठेवलं. आत तो स्पंज होता, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून. वर खडूनं गाडीचा नंबर नव्हता, आप्पांचं नाव नव्हतं. माझं नाव होतं, 'सोनाली'.

ते रागानं लिहिलं होतं की नुसत्या शिस्तीनं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पुडकं मालकाच्याच नावाचं असतं, एवढं मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किटली घेऊन डेअरीवर गेले. दूध घालायला तीसेक माणसं होती. मी कधी चारचौघांत बोललेली नाही.  मी म्हणाले, "गेनूनानांचा पाईप गळत नव्हता. मी कॉइल फवारणीच्या पंपानं धुतली होती. त्याचा वास होता." आवाज इतका हळू निघाला, की मागच्यांसाठी मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण होतं.

एक जण म्हणाला, "केमिस्ट्री हाय ना गं तुझी?" सगळे हसले. ते मी ऐकून घेतलं.

"आसंल," दुसरा म्हणाला. "पन पाईपबी गळत आसंल थोडाफार. कुनी बघितलंय?"

तेव्हा संपतभाऊ किटली खाली ठेवून म्हणाला, "मी सांगतो. गळत आसता तर त्यो मानूस सोताच पयला बोंबलला आसता. माझ्या फिल्टरातली साय त्यानं मलाच हुंगवली व्हती, राव. त्यो सोताचीबी हुंगतो."

लोकांचा संशय गेला असं मी म्हणणार नाही. आमच्याकडं संशय असा जात नाही, पातळ होतो. महिन्याभरानं व्हॅनवाला परत आला, पण फक्त बेल्ट बघायला. नानांनी त्याला आधी विचारलं म्हणे, "मधल्या काळात कुनाकुनाचा हात लागलाय गाडीला?"

मी नानांना शेवटचं बघितलं ते पुण्याला एम.एस्सी.ला जायच्या आदल्या दिवशी. ते कधी कुणाच्या घरी कामाला जात नसत, पण त्या सकाळी आमच्या वस्तीवर आले. एसी बघायचाय म्हणाले. एसी पाच मिनिटांत बघितला आणि मग गोठ्यामागच्या खोलीत शिरले. तिथं औषधाच्या पंपाला मी लाल फडकं बांधलं होतं. कॉइल धुवायची फवाऱ्याची बाटली वेगळी, घरात, देवळीत ठेवली होती. त्यांनी ती खाली काढून झाकण उघडलं, हुंगलं आणि परत ठेवली.

ऊन चांगलंच तापलं होतं. त्यांची बाटली रिकामी झालेली मी बघितली. मी आतून तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढं धरला. आणताना वाटलं, नको म्हणतील. मग वाटलं, मन राखायला काही न विचारता पितील. ते मला नाही म्हणण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं असतं.

नानांनी तांब्या घेतला. आत डोकावले. हुंगलं.

"कशातलं?"

"माठातलं, नाना."

"माठ कुनी घासला?"

"मी."

"कशानं?"

"नुसत्या काथ्यानं. साबण नाही लावला."

"आन तांब्या?"

"राखेनं."

त्यांनी अजून एकदा हुंगलं. मग तांब्या वर धरून, घशाचा आवाज करत, सगळं पाणी पिऊन टाकलं.